जिंकायच्या टीममध्ये बेंचवरची पोरं घडवायची कशी?

शाहूपुरी_शूटर
नमस्कार मंडळी. प्रश्न एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा हाय, पण ज्यांनी कधी कुठलीबी टीम सांभाळलीय त्यांनी पण बोला प्लीज.

समजा टीम टायटलसाठी खेळणारी हाय, मेन प्लेयर तिशीच्या पुढं गेल्यात, अजून दोन-तीन सीझनच दम हाय, आणि बेंचवर 19-20 वर्षांची पोरं बसल्यात ज्यांना ड्राफ्टमध्ये (दर वर्षी टीमा नवीन पोरं नंबरानं निवडतात तिथं) वरच्या नंबरला घेतलंय. मग त्यांना खेळवायचं कसं? खेळवलं तर आजची मॅच जाती, नाही खेळवलं तर पोरगं बसून बसून गंजतं. दोन्ही एकदम करायला गेलेली टीम म्हणजे आमची गोल्डन स्टेट वॉरियर्स, म्हणून मला हे जरा जास्तच लागतंय.

बघा की, 2020 ला दोन नंबरचा पिक, घेतला वाइजमन. पोरगं कॉलेजात 3 मॅच खेळून आलेलं, सात फूट उंची, उडी पण चांगली. आणि टाकलं कुठं तर आमचा स्टार स्टेफ करीच्या सिस्टीममध्ये, जिथं सेंटरनं बॉल हातात धरून कट मारणारा शोधायचा, एक स्क्रीन (डिफेंडरची वाट अंगानं अडवणं) लावून झाली की लगेच दुसरीकडं पळून दुसरी लावायची, आणि डिफेन्सला मागं उभं राहून सगळ्यांना ओरडून हलवायचं. हे आमच्या जुन्या ड्रेमंड ग्रीनला जमायला किती वर्षं गेली. वाइजमन 39 मॅच खेळला, एप्रिल 2021 ला गुडघ्याचा मेनिस्कस गेला, पुढचा अख्खा सीझन बाहेर, आणि फेब्रुवारी 2023 ला डेट्रॉइटला दिला पाठवून. तीन नंबरला लामेलो बॉल गेलता हे सगळे मला अजून ऐकवतात.

मग 2021 ला कुमिंगा 7 नंबर आणि मूडी 14 नंबर. कुमिंगाचं तर ह्या आठवड्यात 30 मिनिटं आणि पुढच्या आठवड्यात बेंचवर टॉवेल गळ्यात टाकून. एप्रिल 2025 ला लीगची शेवटची मॅच क्लिपर्सबरोबर, त्यात एक मिनिट नाही, त्याच्यानंतर मेम्फिसबरोबर प्ले-इन (प्लेऑफमध्ये जायची पात्रता मॅच), त्यात पण नाही. चौथ्या सीझनचा प्लेयर हो हा.

पण त्याच टीमनं, त्याच कोच स्टीव्ह करनं जॉर्डन पूल घडवला की. 28 नंबरचा पिक, पहिल्या सीझनला शूटिंग 33 टक्के, लोक म्हणत होते हा लीगमध्ये टिकत नाही. 2021 ला जी लीगच्या (एनबीएच्या खालची लीग) ऑरलँडोच्या बबलमध्ये (कोविडमुळं टीमा एकाच जागी ठेवून खेळवलेल्या मॅच) आमच्या खालच्या टीमकडनं, सांताक्रूझकडनं खेळायला पाठवला, परत आला तो दुसराच माणूस. ज्या सीझनला टायटल मारलं त्या सीझनला सरासरी 18.5 पॉइंट.

मला वाटतं पूलचा पहिला सीझन वॉरियर्सचा 15-50 वाला होता, करी जखमी, क्ले बाहेर, हारजीतचं कुणाला काय पडलेलं नव्हतं, म्हणून त्याला चुकायला मिळालं. वाइजमन-कुमिंगाला ते मिळालंच नाही. म्हणजे हारणाऱ्या टीममध्येच पोरं घडतात आणि जिंकणाऱ्या टीमनं नादाला लागू नये, सरळ पिक देऊन तयार प्लेयर आणावा, असं हाय का? आमच्या ग्रुपमध्ये ह्यावरनं सकाळी सहाच्या मॅचनंतर मिसळ येईपर्यंत वाद चालू असतो आणि कुणाचंच कुणाला पटत नाही.


पेठेतला_पॉइंटगार्ड
नाही पटलं भावा. सॅन अँटोनियो स्पर्स विसरलास काय?

22 सीझन सलग प्लेऑफ खेळलेली टीम ती, 1998 ते 2019. त्यांना हारायचं वर्ष मिळालंच नाही मधी, तरी पोरं घडवली की नाही. 2011 ला जॉर्ज हिल देऊन ड्राफ्टमधला 15 नंबरचा कवाय लेनर्ड घेतला. हिल कोच पॉपोविचचा आवडता, तो देताना त्याला वाईट वाटलेलं. कवायला कॉलेजात थ्री (लांबनं तीन पॉइंटचा शॉट) पडत नव्हता, तिशीच्या पण खाली टक्केवारी. चिप एंगेलंड म्हणून शूटिंग कोच होता त्यांच्याकडं, त्यानं त्याचा रिलीज बदलून दिला, आणि पहिल्याच सीझनला पोरगं 37.6 टक्क्यांनी थ्री मारायला लागलं. तीन वर्षांनी 2014 ला फायनल्सचा एमव्हीपी, ते बी लेब्रॉनला अंगावर घेऊन.

पण लोक कवायचंच नाव घेतात. मला डॅनी ग्रीन जास्त महत्वाचा वाटतो. 46 नंबरचा पिक, क्लीव्हलंडनं सोडून दिलेला, स्पर्सनं पण घेतला मग सोडला मग परत घेतला, मधी डी लीगमध्ये (जी लीगचं जुनं नाव) खेळत होता. त्याला सांगितलेलं काम काय? कोपऱ्यात उभा राहा, बॉल आला की विचार न करता मार, आणि पळून मागं येऊन फास्ट ब्रेक थांबव. एवढंच. 2013 च्या फायनल्सला 27 थ्री मारले, तेव्हाचा रेकॉर्ड होता तो. आणि कोरी जोसेफ, 29 नंबरचा पिक, सुरुवातीला बेंचवर बसायच्या ऐवजी मला ऑस्टिनला टोरोसकडं, स्पर्सच्या खालच्या टीमकडं पाठवा म्हणून स्वतः मागून गेला. आपल्याकडं खालच्या टीममध्ये खेळायला जा म्हटलं तर पोरगं आणि पोराचा बाप दोघं बोलायचं बंद करतील.

अजून एक. 2013-14 च्या टायटल सीझनला स्पर्सचा एकबी प्लेयर सरासरी 30 मिनिटं खेळलेला नाही. पार्कर सगळ्यात जास्त, तो पण 29 च्या आसपास. 62 मॅच जिंकून. म्हणजे मिनिटं होती, वाटायची मनापासनं इच्छा पाहिजे. नोव्हेंबर 2012 ला मायामीत टीव्हीवरची मोठी मॅच, पॉपोविचनं डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन चौघा मेन प्लेयरना विमानात बसवून घरी पाठवलं, लीगनं अडीच लाख डॉलर दंड ठोकला. आणि मॅच? 105-100, शेवटच्या मिनिटापर्यंत खेचली बेंचवरच्यांनी, तेव्हाच्या चॅम्पियन टीमबरोबर, त्यांच्या घरात. त्या रात्री स्प्लिटर, नील, मिल्स ह्यांना जे कळलं असंल ते कुठल्या प्रॅक्टिसमध्ये कळत नाही.

तेव्हा हारायला लागतंय हे खरं नाही. धाडस लागतंय.


इचलकरंजी_हूप्स
@पेठेतला_पॉइंटगार्ड स्पर्सचं सगळं मान्य पण एक गोष्ट बाजूला ठेवून बोलालास. त्यांच्याकडं डंकन होता. डंकन मागं उभा असल्यावर पुढं पोरगं चुकलं तरी रिमजवळ झाकलं जातं. प्रत्येक टीमकडं तसला माणूस नसतो.

मी शाहूपुरीच्या बाजूनं हाय. ओकेसी, म्हणजे ओक्लाहोमा सिटी थंडर बघा. 2020-21 ला 22-50, त्याच्या पुढच्या वर्षी 24-58. डिसेंबर 2021 ला मेम्फिसनं 73 पॉइंटनी हाणलं, 152-79, एनबीएच्या इतिहासातली सगळ्यात मोठी हार. त्या दिवसांत डॉर्ट, विगिन्स ही पोरं रोज मिनिटं खात होती. डॉर्टला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता, आरन विगिन्स 55 नंबरचा पिक आणि सुरुवात टू-वे कॉन्ट्रॅक्टवर (वरच्या आणि खालच्या दोन्ही टीममध्ये खेळायचा करार). मग टीमनं 40 मॅच जिंकल्या, मग 57, मग 68 आणि टायटल. 2025 च्या फायनल्सच्या दुसऱ्या मॅचला विगिन्सनं बेंचवरनं येऊन 18 टाकले, इंडियानाचं कंबरडं मोडलं त्या मॅचला. ते 18 पॉइंट मेम्फिसमध्ये मार खाल्ला त्या सीझनला पेरलेले हायत असं माझं मत. कोच डेग्नॉल्ट पण त्यांच्याच खालच्या टीमचा, ओकेसी ब्लूचा कोच होता आधी पाच वर्षं, त्याला माहीत होतं कच्चं पोरगं कसं शिजवायचं.

आणि जी लीगमध्ये पाठवलं की झालं काम असं पण नसतं हां. आपल्या सतनाम सिंगला 2015 ला डॅलसनं 52 नंबरला घेतला, सगळ्या देशात पेढे वाटले आपण, मग टेक्सास लेजेंड्सकडं दोन सीझन, आणि तिथं पण मिनिटं फारच कमी. खालच्या टीमला पण त्याचं काय करायचं हे ठरलेलं नसलं तर पोरगं तिथं पण बेंचवरच बसतंय.


कोच_ताई_ताराबाई_पार्क
मी शाळेच्या मुलींच्या टीमला शिकवते, एनबीए तुमच्याइतकी बघत नाही पण प्लेऑफ चुकवत नाही. तुम्ही सगळे मिनिटं किती ह्याच्यावर भांडताय. माझ्या मते मिनिटं किती ह्यापेक्षा ती ठरलेली आहेत का आणि त्यात करायचं काय हे पोराला आधी माहिती आहे का, हे बघा.

आधी हिशोब करा. एनबीएची मॅच 48 मिनिटांची, पाच जण कोर्टवर, म्हणजे 240 मिनिटं वाटायची. मेन पाच जण प्रत्येकी 34 धरा, 170 गेली. राहिली 70. तीन अनुभवी बेंचवाले प्रत्येकी 18, म्हणजे 54. राहिली 16. जिंकणाऱ्या टीमकडे खरोखर एवढीच मिनिटं असतात पोरांसाठी, आणि ती तीन पोरांत थोडी थोडी वाटली तर कुणालाच काही मिळत नाही. एकाला 12 द्या, ठरवून द्या, रोज त्याच वेळेला द्या. बाकीचे दोघं त्या वर्षी खालच्या टीममध्ये 35-35 मिनिटं खेळू देत. टोरांटोनं सियाकमचं हेच केलं. पहिल्या सीझनला दुसरा प्लेयर जखमी होता म्हणून त्याला 38 मॅचमध्ये स्टार्टर केलेलं, मग जागा गेली, तर त्याला तसाच बेंचवर कुजत ठेवला नाही, 905 कडे, म्हणजे त्यांच्या खालच्या टीमकडे मिसिसागाला पाठवला. तिथं त्यानं 2017 चं डी लीग टायटल जिंकून दिलं आणि फायनल्सचा एमव्हीपी झाला. त्याच्या पुढच्या वर्षी सियाकम, व्हॅनव्लीट, डेलन राइट, पोल्टल अशी सगळी पोरं एकत्र बेंचवरून यायची, एकमेकांना ओळखणारी, आणि टीम 59 मॅच जिंकली. 2019 च्या फायनल्सच्या पहिल्या मॅचला सियाकमचे 17 पैकी 14 शॉट पडले, 32 पॉइंट, आणि ते पण समोर तुमची वॉरियर्स असताना. टोरांटो काही हारणारी टीम नव्हती त्या वर्षांत, दर वर्षी प्लेऑफ खेळत होती.

आता जवळून बघितलेलं सांगते. बेंचवरची मुलगी आत गेली आणि तिच्या हातून पास सुटला की पहिल्यांदा ती कुठं बघते ते बघा. बॉलकडं बघत असेल आणि मागं पळत असेल तर तिला माहिती आहे की आपण अजून खेळणार आहोत. बेंचकडं माझ्याकडं बघत असेल तर ती संपली, पुढची दोन मिनिटं ती फक्त बाहेर काढायची वाट बघते, बॉल मागतच नाही, आला तर गरम असल्यासारखा लगेच दुसरीला देते. कुमिंगाचे व्हिडिओ काढून बघा, चुकल्यावर मान वळते का बघा. पोराचा दोष नाही तो, त्याला शिकवलंच तसं गेलंय की एक चूक म्हणजे बाहेर.

म्हणून मी मॅचच्या आधी वहीत लिहिते आणि मुलीला दाखवते, दुसऱ्या क्वार्टरची पहिली चार मिनिटं तुझी. काम दोनच. समोरची दोन नंबरची पोरगी डाव्या हाताला जाऊ द्यायची नाही, आणि शॉट झाला की बॉक्स आउट, म्हणजे समोरचीला अंगानं बॉलपासून लांब ठेवायचं. शॉट घेतलास तर चांगलं, नाही घेतलास तरी मी काही म्हणणार नाही. आमच्याकडं क्वार्टर दहाच मिनिटांचा असतो म्हणजे चार मिनिटं म्हणजे बराच वेळ झाला. पॉइंट पडले नाहीत म्हणून मी तिला काढत नाही, फक्त ते दोन कामं केली नाहीत तर नंतर बसून बोलते. अशी मुलगी सहा महिन्यांत आपोआप तिसरं काम मागायला येते.

वाइजमनला पहिल्याच दिवशी दहा कामं दिली, आणि वरून तू उद्याचा स्टार आहेस हे पण सांगितलं. डॅनी ग्रीनला दोन-तीन कामं दिली. पेठेतला_पॉइंटगार्डच्या पोस्टमध्येच उत्तर आहे की.


कॅपशीट_कागल
ताईंचा 240 चा हिशोब लई भारी. मी फक्त पैशाची बाजू घालतो, कारण त्याच्यामुळं हा प्रश्न आता पहिल्यापेक्षा जास्त गंभीर झालाय.

शाहूपुरी म्हणतोय तसं पिक देऊन तयार प्लेयर आणा हे आता सोपं राहिलेलं नाही. लीग आणि प्लेयरच्या 2023 च्या करारापासनं सेकंड ॲप्रन, म्हणजे टीमच्या एकूण पगारखर्चाची वरची रेषा आलीय. टीम त्या रेषेच्या वर गेली की मिड-लेव्हल (मधल्या पगाराचा प्लेयर घ्यायची सवलत) वापरता येत नाही, ट्रेडमध्ये दोन प्लेयरचे पगार एकत्र करून एक मोठा प्लेयर आणता येत नाही. बॉस्टननं 2024 ला टायटल मारलं आणि 2025 च्या उन्हाळ्यात हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांना सोडून द्यावं लागलं, ह्याच रेषेपायी. म्हणजे तीन मोठे पगार असलेल्या टीमला बेंच स्वस्तातच भरायला लागतो, आणि स्वस्त म्हणजे एक तर किमान पगारावरचे म्हातारे नाहीतर रूकी (पहिल्या करारावरच्या नवख्या) कॉन्ट्रॅक्टवरची पोरं. पोरं घडवणं आता चांगल्या टीमला टाळताच येत नाही.

त्यात घड्याळ किती जोरात पळतंय बघा. पहिल्या राउंडच्या पोराचं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, त्यातली शेवटची दोन टीमच्या मर्जीवर. तिसऱ्या वर्षाचा निर्णय टीमला दुसरा सीझन सुरू झाल्या झाल्या, ऑक्टोबर संपायच्या आत घ्यावा लागतो. म्हणजे एकच सीझन बघून ठरवायचं. पहिलं वर्ष बेंचवर काढलेल्या पोराचं काय बघून ठरवणार? टू-वे वाल्यांचं वेगळंच, प्रत्येक टीमला तीन जागा, पोराला जास्तीत जास्त 50 मॅचसाठी वरच्या टीममध्ये घेता येतं आणि प्लेऑफला खेळवायचं तर आधी साधं कॉन्ट्रॅक्ट द्यावं लागतं. ओकेसीनं 2024 ला 38 नंबरचा एजे मिचेल असाच टू-वे वर सुरू केला आणि फेब्रुवारीत पक्का केला.

ठरलेल्या कामाबद्दल ताई बोलल्या त्याला माझ्याकडचं उदाहरण बॉस्टनचा पेटन प्रिचर्ड. 26 नंबरचा पिक, 2022-23 ला सरासरी 13 मिनिटं, वैतागलेला होता पोरगा. 2024 च्या फायनल्सला कोच माझुल्ला त्याला क्वार्टर संपायला तीन-चार सेकंद असताना आत घालायचा, फक्त लांबनं शॉट मारायला. तेव्हा बहुतेक प्लेयर तो शॉट घेतच नसत, टक्केवारी खराब होती म्हणून बॉल घड्याळ संपल्यावर सोडायचे. ह्यानं डॅलसबरोबर दुसऱ्या मॅचला तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी बोर्डला लावून टाकला आणि पाचव्या मॅचला हाफटाइमच्या आधी हाफकोर्टवरनं. मूळ काम तीन सेकंदांचं, पण त्यात कोचनं त्याला काय दिलं बघा, हुकलं तरी चालतंय हे पक्कं सांगून दिलेलं. पुढच्या वर्षी सिक्स्थ मॅन ऑफ द इयर, म्हणजे बेंचवरनं येणारा लीगमधला सगळ्यात भारी प्लेयर.


पेठेतला_पॉइंटगार्ड
ताईंचं वाचून गप्प बसलो जरा वेळ. मानलं. फक्त एक मुद्दा, कोचच्या खुर्चीचा.

डेन्व्हर बघा. 2023 ला टायटल, त्यात क्रिस्चन ब्राउन म्हणून रूकी, 21 नंबरचा पिक, मायामीत फायनल्सच्या तिसऱ्या मॅचला 8 पैकी 7 शॉट, 15 पॉइंट. अप्रतिम. मग उन्हाळ्यात ब्रूस ब्राउन गेला, जेफ ग्रीन गेला, जीएम (टीममध्ये कोण घ्यायचं ठरवणारा जनरल मॅनेजर) कॅल्विन बूथ म्हणाला आता आपली पोरं वर आणायची, वॉटसन, स्ट्रॉदर, पिकेट. आणि कोच मलोनला प्रत्येक मॅच आजच जिंकायची होती, कारण त्यांचा स्टार योकिचचं एकेक वर्ष सोन्यासारखं. दोघांचं जमेना आणि एप्रिल 2025 ला, सीझनच्या 3 मॅच राहिल्या असताना, मालकांनी दोघांना एकाच दिवशी काढलं. टायटल मिळवून देणारा कोच हो. आणि मग नवीन कोच एडलमनच्या हाताखाली ओकेसीबरोबरच्या सिरीजला सहाव्या मॅचला त्याच स्ट्रॉदरनं 15 टाकून सिरीज सातवीला नेली.

कोच पोरगं खेळवत नाही म्हणून शिव्या घालणं सोपं. पण मॅच गेली तर नाव त्याचं जातंय, पोरगं तीन वर्षांनी चमकलं तर कौतुक जीएमचं. आपल्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल लीगला बघा की, टीम 2-0 नं पुढं असली तरी पोरगं आत घालायला मॅनेजरचा हात थरथरतो, गॅलरीत अख्खी पेठ बसलेली असती, गोल बसला तर रात्री चौकातनं जाता येत नाही त्याला. पॉपोविचला ते जमलं कारण त्याला कोण काढणार नव्हतं. 1997 ला लेकर्सचा कोच डेल हॅरिसनं युटाबरोबर पाचव्या मॅचला 18 वर्षांच्या कोबीच्या हातात बॉल दिला, शेवटाला चार एअरबॉल, सिरीज गेली. आज तसं झालं तर सकाळी कोचचा पत्ता कट. पण पुढच्याच सीझनला तो कोबी बेंचवरनं खेळत असताना लोकांच्या मतावर ऑलस्टारचा स्टार्टर झाला.

तेव्हा मालकानं आणि जीएमनं कोचला उघड सांगितलं पाहिजे, ह्या ह्या पोराला रोज 12 मिनिटं, त्यात चार मॅच गेल्या तरी तुझी खुर्ची पक्की. ते सांगितलं नसलं तर ताईंची वही कुठल्या एनबीए कोचच्या खिशात निघणार नाही.


इचलकरंजी_हूप्स
हे एक नंबर बोललास. ओकेसीत प्रेस्टी आणि डेग्नॉल्टचं हेच हाय, जीएम आणि कोच एकाच सुरात. माझं अजून मत हेच हाय की हारायची वर्षं असली की सोपं जातंय, पण सोपं जाणं वेगळं आणि त्याच्याशिवाय होतच नाही म्हणणं वेगळं, एवढं मी मागं येतो.


शाहूपुरी_शूटर
लई म्हणजे लई आभार सगळ्यांचे. कागलकर, ते ऑक्टोबरवालं मला माहितीच नव्हतं, आता वाइजमनचं वेगळंच दिसालंय, कॉलेज 3 मॅच, पहिला सीझन 39 मॅच, आणि तेवढ्यावर टीमनं पुढची वर्षं ठरवायची.

पूलचं पण उत्तर मिळालं मला. बबलमध्ये त्याला काम एकच होतं, बॉल हातात घे आणि स्कोर कर. परत आल्यावर पण बेंचवरनं तेच काम, करी बसला की तू. कुमिंगाला आज कटर, उद्या कोपऱ्यात शूटर, परवा चार नंबरवर डिफेन्स. मी उगाच 15-50 ला क्रेडिट देत होतो सगळं.

ताई एक शंका. एनबीएत समोरचा कोच लगेच ओळखतो की कच्चं पोरगं आलंय, त्याच्याच माणसाला स्क्रीन लावायला बोलवतो, स्विच करायला लावतो आणि स्टारला त्याच्यासमोर उभा करतो. सलग तीन वेळा तेच. चार मिनिटं ठरवून दिलीत आणि दुसऱ्याच मिनिटाला 8-0 चा रन बसला, तर काय करायचं? तेव्हा पण नाही काढायचं?


कोच_ताई_ताराबाई_पार्क
नाही काढायचं. टाइमआउट घ्यायचा.

टाइमआउटमध्ये पहिलं त्या मुलीचा माणूस बदलायचा, तिला त्यांच्या सगळ्यात कमी शूट करणारीवर द्यायचं. दुसरं, तिच्या शेजारी कोण खेळतंय ते बघायचं. पोरांना पोरांबरोबर आत सोडून देतात ही सगळ्यात मोठी चूक, चार मोठे आणि एक लहान असंच ठेवायचं, आणि त्यातली एक तरी सीनियर अशी पाहिजे जी तिच्याशी सतत बोलते, डावीकडं सरक, स्क्रीन येतेय, मी आहे मागं. ओकेसीत करुसो हेच करत होता बघा, त्याचं तोंड एक सेकंद बंद नसायचं. तिसरं, टाइमआउटनंतरचा पहिला प्ले तिच्यासाठी काढायचा, शॉट नाही, नुसता तिच्या हातात बॉल जाऊन तिच्याकडून पास निघाला पाहिजे. हात बॉलला लागला की पाय पण चालायला लागतात.

एवढं करून चार मिनिटं झाली की तिला ठरल्याप्रमाणं बाहेर घ्यायचं, आणि बाहेर आल्यावर बेंचच्या टोकाला नाही, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. स्कोर काही का असेना. पुढच्या मॅचला दुसऱ्या क्वार्टरला परत तीच.